न्यू लिनचे शंभर मराठी

मंगळवार, २१ फेब्रुवारी २००६. सकाळी साडेदहा वाजता न्यू लिन या उपनगरातल्या एका भाड्याच्या घराची बेल वाजली. दमयंती बिराजदार यांनी दार उघडलं. दारात जनगणनेचा माणूस उभा होता. दमयंतीबाईंनी मराठी फॉर्म मागितला. त्यानं आनंदानं माओरी फॉर्म दिला.

यात दोष कुणाचाच नव्हता. न्यूझीलंडमध्ये कुणी 'मराठी' म्हटलं, की ऐकणाऱ्याला 'माओरी' ऐकू येतं. माओरी ही इथल्या मूळ लोकांची भाषा, आणि तिच्यातला फॉर्म मागेल त्याला मिळतो. आलेला माणूस गोरा, निवृत्त, हाफ पँट आणि जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घातलेला होता. साडी नेसलेली सदुसष्ट वर्षांची भारतीय बाई माओरी फॉर्म मागते आहे, याचं त्याला फार कौतुक वाटलं.

"गुड ऑन यू!" तो म्हणाला.

"किया ओरा," दमयंतीबाई म्हणाल्या. माओरीतला हा नमस्कार त्यांना येत होता. त्यामुळे त्या माणसाची उरलीसुरली शंकाही फिटली.

दार लावल्यावर त्यांनी चष्मा लावला. पहिल्या पानावर अक्षरं इंग्रजी होती आणि शब्द एकही ओळखीचा नव्हता. न्यूझीलंड सरकारनं मराठीत फॉर्म छापला, हा आनंद दारापासून सोफ्यापर्यंत टिकला.

संध्याकाळी मुलगा समीर आणि सून कांचन कामावरून आले. समीर सॉफ्टवेअरमध्ये, कांचन हॉस्पिटलात फार्मासिस्ट. माणशी एक असे चार फॉर्म होते; समीरनं वरचा चाळला.

"आई, तू मराठी फॉर्म मागितलास?"

"मग? मागायला काय जातंय?"

"आणि त्यानं दिला."

"दिला की. चांगला हसून दिला."

कांचनला इतकं हसू आलं, की तिनं आधी कुकरखालचा गॅस बंद केला आणि मग खुर्चीत बसून नीट हसून घेतलं. समीरनं दाखवलं, की आतल्या पानांवर माओरीच्या शेजारी इंग्रजी मजकूरही आहे, तेव्हा हाच फॉर्म भरता येईल. दमयंतीबाईंनी फक्त एकच प्रश्न शोधून काढायला सांगितला. भाषेचा.

त्याचं कारण लायब्ररीत होतं.

दमयंतीबाईंनी सोलापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पस्तीसेक वर्षं ऑपरेटर म्हणून काढली होती. दोन वर्षांपूर्वी त्या मुलाकडे कायमच्या आल्या, तेव्हा सामानात दोन डझन मराठी पुस्तकं होती. ती सगळी तीनतीनदा वाचून झाली होती. लायब्ररीत चिनी पुस्तकं होती, सामोअन होती, हिंदी आणि गुजराती होती. मराठी नव्हती. जानेवारीत त्यांनी तिथल्या अरोहा या ग्रंथपाल मुलीला मराठी पुस्तकांबद्दल विचारलं. अरोहा स्वतः माओरी. ती त्यांना मोठ्या प्रेमानं माओरी कपाटापाशी घेऊन गेली. गैरसमज दूर व्हायला थोडा वेळ लागला. मग अरोहानं कॉम्प्युटरवर मागच्या, म्हणजे २००१ च्या जनगणनेचे आकडे काढले.

"या भागात मराठी बोलणारे बारा," ती म्हणाली. "म्हणजे अकराही असतील, तेराही असतील. आकडे छापताना ते तीनच्या पटीत वरखाली करतात. कुणा एका माणसाची ओळख पटू नये म्हणून."

"बारा? माझ्याच गल्लीत सात आहेत."

"मग त्या सातांनी लिहिलं नाही." अरोहानं खांदे उडवले. "शंभर असते तर पुस्तकांचा प्रस्ताव मीच पाठवला असता. शंभरच्या खाली वरचे लोक वाचतसुद्धा नाहीत. मार्चमध्ये नवी जनगणना आहे. बघा."

दमयंतीबाईंना एक कपाट हवं होतं. त्यासाठी शंभर माणसांनी एका चौकटीत एक शब्द लिहायचा होता. काम एवढंच होतं.

"तू मागच्या वेळी काय लिहिलंस?" त्यांनी समीरला विचारलं.

समीर तेव्हा इथं एकटा होता, नुकता आलेला; कांचन आणि मुलगी अजून भारतातच होत्या. तो जरा घुटमळला. "हिंदी."

"हिंदी?"

"मराठी लिहिलं तर त्यांना कुठं कळणार, असं वाटलं."

"त्यांना कळावं म्हणूनच विचारतायत ना ते?"

"शिवाय जागा छोटी होती, आई."

"हिंदी दोन अक्षरं, मराठी तीन. एका अक्षराची जागा नव्हती?"

समीरनं इंग्रजी स्पेलिंगचा मुद्दा काढायचा विचार केला आणि सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी दमयंतीबाईंनी गल्लीतल्या बाकीच्यांना विचारलं. एका डॉक्टरांनी हिंदी लिहिलं होतं. दोन नर्सनी फक्त इंग्रजी. एका इंजिनिअरनं 'इंडियन' लिहिलं होतं आणि त्याला त्यात अजूनही काही वावगं वाटत नव्हतं. समोरचा माणूस परका दिसला, की मराठी माणूस त्याच्या सोयीची भाषा बोलू लागतो. इथं तो कागदाच्याही सोयीनं वागला होता.

मोहीम त्याच दिवशी सुरू झाली. माणसं शोधायची पद्धत ऑपरेटरची होती. सोलापूरच्या एक्स्चेंजला मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चारी बाजूंनी फोन येत. नुसत्या 'हॅलो'वरून बोलणारा कुठला हे त्या ओळखत, आणि ही गोष्ट त्या वर्षातून निदान चारदा सांगत. न्यू लिनच्या भारतीय किराणा दुकानात त्या पोह्यांच्या कपाटाशी उभ्या राहू लागल्या. जाड की पातळ, या प्रश्नावर जो थबकला, तो बहुधा आपला. खात्री नसेल तर त्या डाळीचं पाकीट हातातून सोडत आणि मोठ्यानं "अगं बाई!" म्हणत. जो नुसता वाकून पाकीट उचलून देई, तो दुसऱ्या राज्याचा. "लागलं का हो?" म्हणे, तो यादीत. यादी कागदावर नव्हती. दमयंतीबाई फक्त टेलिफोन नंबर विचारत, आणि एकदा ऐकलेला नंबर त्या विसरत नसत.

शनिवारी समीरनं त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, पापाटोएटोला नेलं. तिथं साड्यांच्या आणि मिठाईच्या दुकानांत मराठी माणसं ढिगानं भेटली.

"आई, हे मोजायचे नाहीत. हे पापाटोएटोचे. आपली लायब्ररी न्यू लिनची."

"मग इतक्या लांब राहायचं कशाला यांनी?"

फेब्रुवारी संपता संपता माणसं शंभरच्या पुढे, एकशे एकवर गेली. दमयंतीबाईंनी त्या रात्री शिरा केला. दुसऱ्याच दिवशी यादीतलं एक जोडपं, मुग्धा आणि ऋतुराज, पेढे घेऊन आलं. दोघं मूळचे पुण्याचे, दोघं आयटीत. घरात ऋतुराजची आई आणि चुरूचुरू मराठी बोलणारी मुलगी. म्हणजे एका घरात चार.

"काकू, घर घेतलं!" मुग्धा म्हणाली. "चार बेडरूम. आणि बाग!"

"अगं वा! कुठं?"

"हिल्सबरो."

हिल्सबरो न्यू लिनच्या बाहेर. दमयंतीबाईंचा पेढा तोंडाशी थांबला. "किल्ली कधी मिळते?"

"तीन तारखेला."

"आणि जनगणना सातला. आठ दिवस थांबा की ओ."

"काकू, व्याज सुरू होईल," ऋतुराज म्हणाला.

"सात तारखेला आम्ही तुमच्याकडे झोपायला येतो," मुग्धानं तोडगा काढला. "गाद्या घेऊन."

"चालणार नाही," समीर म्हणाला. "नेहमीचा पत्ता विचारतात. तुमचा पत्ता आता हिल्सबरो."

दमयंतीबाईंनी पेढा खाल्ला, दोघांच्या पाठीवर हात ठेवला आणि बागेत कढीपत्ता लावायला सांगितलं. त्यांना मनापासून आनंद झाला होता. चार माणसं गेली होती तरी.

हे एकाच घराचं नव्हतं. नवीन आलेली कुटुंबं न्यू लिनमध्ये उतरत, कारण भाडं परवडे आणि बस-ट्रेन दाराशी. कधी एका तीन बेडरूमच्या घरात दोन कुटुंबं राहत. बायकोला नोकरी लागली, की दुसरं कुटुंब वेगळं होई. दुसरा पगार स्थिर झाला, की बँकेत फेऱ्या सुरू होत आणि मग हिल्सबरो किंवा त्याच्याही पलीकडे. लोकांची भरभराट होत होती आणि दमयंतीबाईंचा आकडा उतरत होता. आता तो सत्त्याण्णववर होता.

"आई, पुढच्या वर्षी आपणही घर बघणार आहोत," कांचन चाचरत म्हणाली.

"पुढच्या वर्षी बघा," दमयंतीबाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी त्या दूध आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या. अशा दुकानाला इथं डेअरी म्हणतात, त्यात दूध सगळ्यात कमी असलं तरी. दुकानदार पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, बोलका. बोर्डावर पटेल असं नाव होतं. दोन वर्षं दमयंतीबाई त्याच्याशी हिंदीत बोलत होत्या. त्या 'भाईसाब' म्हणत, तो 'माजी'. आज तो पाठमोरा उकिडवा बसून न खपलेली वर्तमानपत्रं परत पाठवण्यासाठी मोजत होता. तोंडातल्या तोंडात.

"सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस." त्यानं गठ्ठा बांधला आणि मागे वळला. "आवो माजी. दूध?"

दमयंतीबाई जागच्या हलल्या नाहीत.

"एकोणतीस," त्या म्हणाल्या.

"नहीं माजी, पूरे तीस हैं."

"तिसाच्या आधी काय म्हणालात? गुजराती माणूस ओगणत्रीस म्हणतो. सगळी जिंदगी मी नंबर ऐकण्यात घालवली आहे. तुम्ही एकोणतीस म्हणालात. कुठले तुम्ही?"

दुकानदारानं इकडेतिकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा हळूहळू फुलला.

"बडोद्याचा. गुरुदत्त पोतनीस. तीन पिढ्या बडोद्यात, पण घरात मराठी."

"अहो, दोन वर्षं! दोन वर्षं मी तुमच्याशी हिंदी बोलते आहे!"

"हिंदी होती ती?" गुरुदत्त म्हणाला. "परवा तुम्ही म्हणालात, 'अंडे कब के है, कायकू बताते नहीं'. मी घरी सांगितलं, बाई हैदराबादच्या आहेत."

पस्तीस वर्षांच्या कानाचा असा निकाल लागल्यावर दमयंतीबाईंना दुधाच्या फ्रीजला टेकून उभं राहावं लागलं. त्यांना हसू आवरेना. आवाज ऐकून मागच्या खोलीतून गुरुदत्तची बायको आली. नीलांबरी, नर्स, नुकतीच ड्यूटीवरून आलेली. "मराठीत कोण ओरडतंय?" तिनं विचारलं.

"पण पटेल कसे झालात तुम्ही?"

"दुकान पटेलांकडून घेतलं. बोर्ड तोच ठेवला. पहिल्या दिवशी एक जण आला, 'केम छो' म्हणाला. मी 'मजामां' म्हणालो. तिथून सुटकाच नाही."

"आणि मागच्या जनगणनेत?"

"गुजराती लिहिलं. दुकानाशी जुळावं म्हणून."

"आणि तुम्ही?"

"इंग्रजी," नीलांबरी म्हणाली. "नाइट करून आले होते. जे पहिलं दिसलं त्यावर खूण केली आणि झोपले."

दोघांनी मिळून आकडा नव्व्याण्णव झाला. दमयंतीबाई दूध न घेताच घरी गेल्या. नीलांबरीनं मागून धावत जाऊन दिलं.

आता एकच माणूस हवं होतं आणि ते घरातच होतं. नात सिद्धी, नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळे आणि ती सगळ्याला इंग्रजीत उत्तर देई. समीरनं प्रश्न मोठ्यानं वाचला: रोजच्या बऱ्याचशा गोष्टींबद्दल तुम्ही कोणत्या भाषांत संभाषण करू शकता?

"आय अंडरस्टँड एव्हरीथिंग, आज्जी," सिद्धी म्हणाली.

"कळतं का, ते नाही विचारलेलं. बोलता येतं का, ते विचारलंय."

"आई, एका मुलीनं काय होतंय? लिहून टाकू," कांचन म्हणाली.

"खोटं लिहायचं नाही," दमयंतीबाई आणि समीर एकदमच म्हणाले. आई आणि मुलाचं एकमत झाल्याची ही महिन्यातली पहिलीच वेळ.

मंगळवार, ७ मार्च. जनगणनेचा दिवस. सकाळी दमयंतीबाईंनी खुर्ची टेलिफोनशेजारी ओढली, पाण्याचा तांब्या जवळ ठेवला आणि पदर खोचला.

"बिल येईल का फार?" त्यांनी आदल्या रात्री विचारलं होतं.

"लोकल कॉल इथं फुकट असतात," समीर म्हणाला होता, आणि नंतर दिवसभर त्याला घरचा फोन एंगेज लागला.

त्यांनी सगळे नंबर पाठ म्हणत फिरवले. "नमस्कार. न्यू लिन एक्स्चेंजमधून बोलतेय. आज मराठी लिहायचं. बाकी काय लिहायचं ते लिहा, हिंदी लिहा, इंग्रजी लिहा, पण मराठी सोडायचं नाही." कुणी हसलं, कुणी आणखी दोन नातेवाइकांची आठवण काढली, पण ते निघाले क्राइस्टचर्चचे. 'इंडियन' लिहिणारा इंजिनिअर म्हणाला, "काकू, यावेळी दोन्ही लिहितो." दमयंतीबाईंनी त्यावर वाद घातला नाही. लाइनवर पुढचे लोक थांबले होते, निदान त्यांना तसं वाटत होतं.

तीननंतर सिद्धी शाळेतून आली. उकाडा होता. तिला होकी पोकी, म्हणजे टॉफीच्या तुकड्यांचं आइसक्रीम हवं होतं. आजी तिला डेअरीत घेऊन गेली.

"कॅन आय हॅव अ होकी पोकी, प्लीज?"

"आज डेअरीत इंग्रजी बंद आहे," गुरुदत्त गंभीरपणे म्हणाला. "सरकारी काम चालू आहे."

सिद्धीनं आजीकडे पाहिलं. आजी चॉकलेटांच्या किमती वाचत होती.

"मला... आइसक्रीम पाहिजे," सिद्धी म्हणाली. "होकी पोकी. मोठा. नाही, मोठी."

"मोठं," नीलांबरी आतून म्हणाली.

"मोठं. आणि माझे हात चिकट आहेत, सो नॅपकिन पण द्या, काका."

"आज शाळेत काय केलं?"

"स्विमिंग. पण माझे टॉग्ज..." सिद्धी अडखळली. टॉग्ज म्हणजे पोहायला जाताना घालतात ते कपडे. "आज्जी, टॉग्जला मराठीत काय?"

"पोहण्याचा पोशाख," दमयंतीबाई म्हणाल्या.

"एवढं कोण म्हणतं?" नीलांबरी बाहेर आली. "स्विमिंग कॉस्च्यूम म्हण."

"ते मराठी नाही," दमयंतीबाई म्हणाल्या.

"चड्डी," गुरुदत्तनं निकाल दिला.

सिद्धीचं आइसक्रीम पडता पडता वाचलं. "चड्डी!" ती किंचाळली. "माझी चड्डी स्कूलमध्ये राहिली!" मग तिला थांबवणं अवघड झालं. तिनं सांगितलं, की चड्डी ओली होती, ती बेंचवर ठेवली होती, मग बेल झाली. आई आता रागावणार. पण आई कामावर आहे, आणि बाबाला सांगायला फोन करायचा होता तर आज्जी सकाळपासून फोनवर बसली आहे. कुणालाच फोन देत नाही, आणि घरी खायलापण काही केलं नाही, आणि सगळ्यांना एकच गोष्ट सांगते. "मराठी लिहा, मराठी लिहा! मला तर पाठ झाला!"

"झालं," दारातून आवाज आला. समीर फोन लागेना म्हणून लवकर निघून आला होता आणि केव्हापासून तिथंच उभा होता.

"काय झालं?" दमयंतीबाईंनी घाबरून विचारलं.

"पाठ झालं," समीर म्हणाला. "पाठ झाला नाही. बाकी सगळं बरोबर." मग त्यानं बोटं मोजली. "खाणं, कपडे, शाळा, आईचा राग, आजीची तक्रार. रोजच्या बऱ्याचशा गोष्टी झाल्या."

संध्याकाळी सिद्धीच्या फॉर्मवर भाषेच्या चौकटीत त्यानं मराठी लिहिलं. सिद्धीनं ते दोनदा वाचून स्पेलिंग तपासलं.

गुरुवारी तोच जँडल्सवाला माणूस फॉर्म न्यायला आला. "माओरी कसं काय जमलं?" त्यानं विचारलं. दमयंतीबाईंनी 'मराठी' शब्दाचं एकेक अक्षर फोडून सांगितलं आणि फॉर्मवर बोट ठेवलं. त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तो स्वतःवरच मोठ्यानं हसला. "स्वीट ॲज," तो म्हणाला, म्हणजे एकदम झकास. पुढच्या गल्लीतही असाच एक फॉर्म आपण दिला आहे, हेही त्यानं कबूल केलं.

शनिवारी दमयंतीबाई सिद्धीला घेऊन लायब्ररीत गेल्या. "शंभर," त्यांनी अरोहाला सांगितलं. अरोहानं काउंटरच्या बाहेर येऊन त्यांना मिठी मारली. मग ती थबकली.

"बरोबर शंभर?"

"बरोबर."

"आकडे तीनच्या पटीत छापतात," अरोहा सावकाश म्हणाली. "आठवतं?"

दमयंतीबाईंना आठवत होतं, पण त्याचा अर्थ आत्ता लागला. सिद्धीनं बोटांवर भागाकार केला. शंभराला तीनने भाग जात नव्हता.

"एकशे दोन," ती आजीला म्हणाली. दुसरा आकडा तिला मराठीत येत नव्हता. तिनं जरा आठवून पाहिलं, डेअरीतल्या काकांसारखं तोंडातल्या तोंडात मोजलं. "किंवा नव्व्याण्णव."

"नव्व्याण्णव आलं तर?" दमयंतीबाईंनी विचारलं.

"आधी येऊ दे," अरोहा म्हणाली. तिनं माओरी कपाटाशेजारच्या कपाटातून जुनी मासिकं काढली आणि फडकं मारलं.

ऑगस्ट संपला तेव्हा ते कपाट रिकामंच होतं. दरम्यान न्यू लिनमध्ये तीन नवी मराठी कुटुंबं राहायला आली, डेअरीच्या बोर्डावर पटेलांच्या नावाखाली लहान अक्षरांत पोतनीस हे नाव चढलं आणि हिल्सबरोच्या बागेतल्या कढीपत्त्यानं इथल्या जुलैच्या थंडीत तग धरला. जनगणनेतला भागवार भाषांचा आकडा अजून आलेला नव्हता.